खंडेनवमीला कापलेली वायर

जयसिंगरावांच्या फाटकाच्या खांबावर जो कॅमेरा होता, त्याचे तोंड रस्त्याकडे नसून घराकडे होते. हनुमंतनगरच्या चढावरच्या त्या गल्लीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि तिचा अर्थही सर्वांनी मनातल्या मनात लावलेला होता. चोर आलाच असता, तर कॅमेऱ्याला त्याची फक्त पाठ दिसली असती. जयसिंगराव आणि राजलक्ष्मीबाई मात्र त्याला दिवसभर समोरून दिसत: दूध घेताना, तुळशीला पाणी घालताना, पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळताना. कॅमेरा चिरंजीव यशोवर्धन यांनी बसवला होता. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, चौदाव्या मजल्यावर राहत आणि तिथून फोनवर आईवडिलांवर नजर ठेवत. बहात्तराव्या वर्षी माणसावर कोणीतरी नजर ठेवावी, हे जयसिंगरावांना तत्त्वतः मान्य होते. फक्त तो माणूस आपण आहोत, हे मान्य नव्हते.

कॅमेऱ्याला घरातली वीज लागत नसे. खांबावरच वहीएवढे सौर पॅनेल होते, त्याच्या तीन मीटर वायरीतून कॅमेऱ्याची बॅटरी भरे. सारे सुरळीत चालले होते, तोच समोरच्या गृहस्थांनी घरावर तिसरा मजला चढवला. सकाळी दहानंतर खांबावर त्या मजल्याची सावली पडू लागली. पॅनेल उपाशी राहू लागले, आणि त्याच्या जिवावर जगणारा कॅमेरा महिन्याभरात दोनदा डोळे मिटून गप्प झाला.

"अप्पा, कॅमेरा परत बंद पडलाय," यशोवर्धनचा फोन आला.

"सावली आहे."

"अम्मा एक वाजल्यापासून बाहेर आलेली दिसली नाही. मी मीटिंगमधून उठून फोन करतोय."

"ती आत होती. माणसे घरात आतही असतात."

"हे दुसऱ्यांदा झालं, अप्पा. आता स्पष्टच सांगतो. तिसऱ्यांदा बंद पडला, तर दसऱ्याला गाडी घेऊन येतो आणि तुम्हा दोघांना इकडे आणतो. खोली तयार आहे. पलंगसुद्धा आलाय."

जयसिंगरावांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ ते 'पलंग' या शब्दाकडे पाहत बसले. बोलणे हे बोलणे असते, ते मागे घेता येते. पण पलंग आला म्हणजे कोणीतरी मापे घेतली, कोणीतरी तो लिफ्टमधून वर चढवला. बेत कागदावरून जमिनीवर उतरला होता. बेळ्ळंदूरचे ते घर त्यांनी पाहिले होते. तिथे खिडकी उघडली की ढग दिसत, तळे दिसे, मोटारींची रांग दिसे. ज्याला हाक मारता येईल असा एकही माणूस दिसत नसे.

दसऱ्याला अकरा दिवस उरले होते.

जयसिंगराव शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेले होते आणि होसकोट्याच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे यंत्रांच्या देखभालीचे खाते सांभाळले होते. त्यामुळे वायर लांबवणे हे काम त्यांच्या दृष्टीने काम नव्हतेच. मात्र काम नसलेल्या कामालाही आराखडा लागतो. त्यांनी आलेखाच्या कागदावर फाटक, अंगण आणि गच्ची यांचा नकाशा काढला. पॅनेल गच्चीच्या कठड्यावर न्यायचे, तिथून वायर भिंतीवरून पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत उतरवायची आणि अंगणावरून अधांतरी नेऊन फाटकाच्या खांबाला भिडवायची. एकूण अंतर बारा मीटर. वीज बारा मीटर जाते आणि तितकेच अंतर परत येते, म्हणून हिशेबाला चोवीस. त्यांनी तांब्याचा रोध मांडला, विजेचा दाब वाटेत किती पडेल ते काढले, पडताळा घेतला आणि दीड चौरस मिलिमीटरची तार निश्चित केली. कागदाच्या तळाशी तारीख घालून सही केली. ती सही कोण तपासणार होते, हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षांत पडला नव्हता, तो आता का पडावा?

चिकपेटच्या बाजारात ते मेट्रोने गेले. जाताना आराखडा नेला. ज्या वायरीला जोड द्यायचा तिचा नमुना मात्र घरीच राहिला. प्रदीपकुमार नावाच्या दुकानदाराने आराखडा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि आदराने परत केला.

"सार, तयार वायर आहे. दोन्हीकडे पिन. खोचलं की झालं. मूल करतं हे काम."

"तिच्या आतली तार केसासारखी असते. दाब पडतो."

"स्वल्प पडला तर पडू दे की, सार."

"स्वल्प म्हणजे किती?"

या प्रश्नाला चिकपेटमध्ये आजवर कोणी उत्तर दिलेले नाही. प्रदीपकुमारने मुकाट्याने दीड चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर मोजली. "ह्याच्यावर घरातले सगळे पंखे चालतील, सार," गुंडाळी बांधता बांधता तो म्हणाला. "तुमच्या कॅमेऱ्याला पंखा नाही ना?"

घरी आल्यावर जयसिंगरावांनी जुनी वायर आणि नवी वायर शेजारी शेजारी ठेवली. जुनी शेवईसारखी होती आणि नवी चकलीसारखी. या दोघींचे लग्न कसे लावायचे, याचा विचार करत असतानाच शेजारचे सुब्बाराव आले. सुब्बाराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारे, आणि तारेशी संबंधित कोणत्याही विषयात आपला शब्द शेवटचा मानणारे.

"जयसिंगराव, हे अंगणावरून जाणार? अधांतरी? मग हेमावती मॅडमना विचारलंत का?"

"माझ्या अंगणावरून माझी वायर जाते."

"अंगण तुमचं. फाटकाचा खांब रस्त्याच्या रेषेत. त्याच्यावरचं आकाश निवासी संघाचं. गणपतीच्या मिरवणुकीत केबल अडकली होती, तेव्हापासून ठराव आहे."

निवासी संघाच्या चिटणीस हेमावती या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीचा त्यांच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. त्यांनी जयसिंगरावांना उभे ठेवून अर्जाचा नमुना दिला. त्यात 'जोडणीचा प्रकार' या रकान्यात चारच पर्याय होते: पाणी, सांडपाणी, केबल टीव्ही आणि लग्नमंडप. जयसिंगरावांनी सुवाच्य अक्षरात पाचवा पर्याय लिहून त्यापुढे खूण केली. खाडाखोड म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या अर्जावर त्यांनी एकही खूण न करता सोबत आराखडा जोडला. अपूर्ण म्हणून तोही परत आला. यात सात दिवस गेले.

"सार, तुम्ही 'लग्नमंडप' लिहा," शेवटी हेमावतींनीच तोडगा काढला. "तात्पुरती रोषणाई या सदराखाली अधांतरी वायरला परवानगी आहे. एक दिवस. एकदा चढवली की उतरवा असं कुठं लिहिलेलं नाही."

"पण यात वधूचे नाव विचारले आहे."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, सार."

जयसिंगरावांनी आजवर कोणत्याही कागदावर खोटे लिहिले नव्हते. थोडा वेळ पेन हवेत धरून त्यांनी 'राजलक्ष्मी' असे लिहिले, आणि ते खोटे नव्हते याचे त्यांना जरा समाधानही वाटले. परवानगी मिळाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे खंडेनवमीची, सकाळी नऊ ते दुपारी चार. इतर दिवशी गल्लीतून कचऱ्याची उंच गाडी जाते. त्या दिवशी ती गाडीही हार घालून उभी असते.

खंडेनवमीला सकाळी कॅमेऱ्याच्या बॅटरीत चौदा टक्के उरले होते. हा आकडा राजलक्ष्मीबाईंच्या फोनवर दिसे. कॅमेऱ्याची रीत अशी, की समोर माणूस हलला की तो जागा होतो, चित्रफीत टिपतो, ती बेळ्ळंदूरला धाडतो आणि या उपद्व्यापात बॅटरी खातो. म्हणजे जितकी वर्दळ, तितका घास. पण जयसिंगरावांनी कामाला पस्तीस मिनिटे धरली होती आणि चौदा टक्के त्याला पुष्कळ होते.

नऊ वाजता त्यांनी ओसरीवर पांढरे स्वच्छ फडके अंथरले. त्यावर अवजारे आकाराच्या उतरत्या क्रमाने मांडली: मोठी पक्कड, लहान पक्कड, तारकापी, तीन पेचकस, चाकू, डाग देण्याची सळई, विजेचा दाब मोजायचा मीटर, चिकटपट्टी. ही त्यांची होसकोट्यापासूनची शिस्त होती. मग पॅनेल खांबावरून उतरवले, तारकापी उचलली आणि जुनी वायर बरोबर मध्यावर कापली. तारकापी पुसून पुन्हा जागेवर ठेवली. पॅनेल गच्चीवर नेऊन कठड्याला बांधले, नव्या वायरीचा पल्ला गच्चीवरून खाली सोडला आणि आता जोड द्यायचा म्हणून ते जवळचा चष्मा आणायला खाली निघाले.

जिन्याशी सुब्बारावांनी गाठले. गच्चीवर नेलेल्या वायरीवर वीज पडण्याचा धोका, या विषयावर त्यांना काही सांगायचे होते. टेलिफोन खात्यातल्या तीन उदाहरणांसह त्यांनी ते सांगितले. त्यात अर्धा तास गेला.

जयसिंगराव चष्मा घालून ओसरीवर आले, तेव्हा फडके नव्हते. पक्कडही नव्हती. काहीच नव्हते.

"अगं, इथली अवजारे कुठे आहेत?"

"देवापुढे," आतून प्रसन्न उत्तर आले. "तुम्ही यंदा इतक्या लवकर मांडून ठेवलीत, म्हटलं बरंच झालं. पूजा आटोपलीसुद्धा. या, नमस्कार करा."

जयसिंगराव देवघराच्या दारात उभे राहिले, मागोमाग सुब्बारावही. दरवर्षी खंडेनवमीला ते स्वतः हेच पांढरे फडके अंथरून, याच क्रमाने, हीच अवजारे पूजेला मांडत. लग्न झाल्यापासून राजलक्ष्मीबाईंनी अवजारांची ही रांग फक्त याच दिवशी पाहिली होती. आज त्या रांगेच्या शिरोभागी आजोबांची तलवार होती, प्रत्येक पकडीला हळदीकुंकू लागले होते, मीटरच्या काचेवर गंधाचा टिळा होता आणि चिकटपट्टीच्या भोकात झेंडूचे फूल बसवले होते. शेजारी विळी, सुऱ्या, कात्री, नारळाची खवणी आणि नेलकटर यांनीही जागा घेतली होती. बाईंनी काही बाकी ठेवले नव्हते.

पूजा लागलेले हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचे नाही. हा नियम जयसिंगरावांनी मोडू दिला नव्हता. होसकोट्याला एका नवमीला खुद्द साहेबांनी पाना मागितला होता. जयसिंगरावांनी साहेबांना हात जोडले होते आणि पाना दिला नव्हता. त्या प्रसंगाचे वर्णन ते आजही करत, आणि ऐकणाऱ्यांत यशोवर्धनही असे.

"बॅटरी किती?" त्यांनी विचारले.

"अकरा. का हो? चेहरा असा का झाला?"

त्यांनी सांगितले. राजलक्ष्मीबाई मटकन पाटावर बसल्या. नवऱ्याला शेवई-चकलीची काळजी होती. बाईंना त्या पलंगाची होती. त्यांनी पलंगाचा फोटो पाहिला होता. त्याच्याखाली बूट ठेवायचे कप्पे होते.

पंचांग सांगायला येणारे भीमाचार्य त्याच वेळी प्रसाद घ्यायला आले. त्यांना सारी हकीकत सांगण्यात आली. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "प्रार्थना करून एक पक्कड उचला, रावसाहेब. देव स्वल्प सांभाळून घेतो."

"देव घेईल. मी घेणार नाही," जयसिंगराव म्हणाले. हे वाक्य तोंडातून निघाल्याक्षणीच त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, पण वाक्य भीमाचार्य, सुब्बाराव आणि पत्नी अशा तिघांच्या समक्ष निघाले होते.

मग ते शेजाऱ्यांकडे निघाले. उसनी पक्कड मागणे हे त्यांच्या दृष्टीने भिक्षेच्या खालोखालचे होते. तरी ते निघाले. सुब्बारावांची पक्कड पूजेत होती. हेमावतींच्या घरी पेचकस तर पूजेत होताच, पण शाळेपासूनची लाकडी पट्टी आणि कागदाला भोके पाडायचा पंचही ओळीत बसले होते. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याचे दुकान बंद, दारात पूजेचा फोडलेला कोहळा. इस्त्रीवाल्याची इस्त्री कुंकू लावून थंड पडलेली. संपूर्ण गल्लीत त्या सकाळी एकही धार मोकळी नव्हती. सारी लोखंडे देवापुढे रांगेत बसून विसावा घेत होती आणि जयसिंगराव एकटे हातात कापलेली वायर घेऊन उन्हात उभे होते.

"नऊ!" घरातून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला.

वर्दळीने बॅटरी जाते, हे एव्हाना सर्वांच्या ध्यानात आले होते. तेव्हा जयसिंगरावांनी हुकूम काढला, की कोणीही कॅमेऱ्यासमोरून चालायचे नाही. परिणाम असा झाला, की सुब्बाराव अंगण ओलांडताना भिंतीला पाठ चिकटवून सरपटत जाऊ लागले, भीमाचार्य धोतराचा सोगा आवरून जास्वंदीच्या आडून वाकून निघाले, आणि हेमावती वेळेत काम होते की नाही हे पाहायला आल्या, त्या फाटकाशी बसकण मारूनच आत शिरल्या. कॅमेऱ्याला हे सारे दिसतच होते. माणूस उभा असो की सरपटता, त्याला दोन्ही सारखेच.

"आठ!"

आता हातांनीच करायचे होते. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत जयसिंगरावांना उघड्या तारा नुसत्या बोटांनी पिळून जोड द्यायला शिकवले होते. जोड दिल्यावर गुरुजी त्याला लोंबकळून पाहत. त्यामुळे जोडाची चिंता नव्हती. तारेवरचे आवरण कसे सोलायचे, ही चिंता होती. दातांनी सोलावे, तर समोरचे दात काढून पाण्यात ठेवण्याजोगे होते. अखेर राजलक्ष्मीबाई देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन आल्या.

"हिला कुंकू लावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ही चालेल ना?"

गच्चीवर उन्हात बसून जयसिंगरावांनी उदबत्तीच्या निखाऱ्याने आवरण जाळायला सुरुवात केली. चंदनाचा आणि जळक्या प्लास्टिकचा असा मिश्र वास गल्लीभर पसरला. सहा उदबत्त्यांनंतर तांबे दिसले. त्यांनी केसासारखी तार नव्या जाड तारेभोवती सव्वीस वेढे देऊन आवळली आणि औषधाच्या डब्यातली जखमेची पट्टी गुंडाळली. काम देखणे झाले होते. एकच गोम राहिली. पॅनेलच्या तारांचे रंग काजळीने काळे ठिक्कर झाले होते. धन कोणती आणि ऋण कोणती, हे आता सांगता येत नव्हते. उलटी जोडली, तर कॅमेरा मरेल. मीटर सांगू शकला असता. मीटर गंध लावून बसला होता.

"सहा!"

जयसिंगराव खाली आले, आणि मग एकदम थबकले. "मीठ आण," ते म्हणाले. "आणि काचेचा पेला."

पेल्यात मीठपाणी घेऊन त्यांनी नव्या वायरीची खालची दोन्ही टोके त्यात बुडवली. ज्या टोकाला जास्त बुडबुडे येतील ते ऋण, हे पहिल्या वर्षाचे पहिले पान होते. अंगणात पेल्याभोवती डोकी जमली. बुडबुडे यायला वेळ लागत होता. भीमाचार्य सवयीने काहीतरी पुटपुटू लागले.

"मंत्र कशाला?" सुब्बाराव कुजबुजले.

"पाणी आहे, पेला आहे, लोक जमलेत. राहवलं नाही."

काळ्या आवरणाच्या टोकाला मोत्यांची बारीक लड लागली. "काळी ऋण," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी टोके पाण्याबाहेर काढून पुसली.

आता शिडी लावून वायर पहिल्या मजल्याच्या खुंटीला अडकवायची आणि मग खांबाशी कॅमेऱ्याला लोंबणाऱ्या जुन्या वायरीच्या शेपटाला जोडायची, एवढेच उरले. जयसिंगरावांनी शिडी घराच्या दर्शनी भिंतीला टेकवली आणि वळून सर्वांकडे पाहिले.

"आता तुम्ही सगळे जा. बाहेर व्हा. तुमच्या हलण्याने कॅमेरा मरतोय. चार टक्के राहिलेत. मला कोणाची मदत नको."

"पण शिडी..." हेमावती म्हणाल्या.

"मॅडम, मी चौतीस वर्षे शिडी चढलो आहे!"

हे बोलणे जरा चढ्या स्वरात झाले. मंडळी निमूटपणे फाटकाकडे वळली. जयसिंगराव भिंतीकडे तोंड करून शिडी चढले. खुंटी हाताला लागली, पण वायर जाड, खुंटी लहान, वळण बसेना. हात भरून आले, डोळ्यांत घाम उतरला. आपण इथून पडलो, तर पलंग चौदाव्या मजल्यावर नाही, कुठल्यातरी इस्पितळात मिळेल, असा विचार मनात येऊन गेला. एका क्षणी पाय थरथरला. शिडी मात्र हलली नाही, आणि आपण ती नीट टेकवली याबद्दल त्यांनी तशा अवस्थेतही स्वतःला शाबासकी दिली. वायर बसली. ते उतरले तेव्हा अंगण रिकामे होते. खांबाशी शेवटचा जोड पिळून त्यांनी पट्टी गुंडाळली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"अहो!" राजलक्ष्मीबाई फोन घेऊन धावत बाहेर आल्या. "दोन होते, तिथं विजेची खूण आलीय! भरतंय! तीन झाले!"

घड्याळात पावणेतीन वाजले होते. परवानगी संपायला सव्वा तास बाकी होता. जयसिंगराव पायरीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी कॅमेऱ्याकडे मान ताठ करून पाहिले.

साडेतीन वाजता फाटकाशी मोटार करकचून थांबली. यशोवर्धन घामाघूम होऊन आत आला. त्याने आधी आईला पाहिले, मग वडिलांना, मग पुन्हा आईला.

"तुम्ही दोघं ठीक आहात?"

"कॅमेरा चालू आहे," जयसिंगराव उठून म्हणाले. "अकरा टक्के. दाब उत्तम आहे. यायचेच झाले, तर तू उद्या येणार होतास ना?"

"चालू आहे म्हणूनच आज आलो, अप्पा! सकाळपासून त्रेसष्ट चित्रफिती आल्यात मला. पहिल्यात तुम्ही वायर कापताय. मग कोणीतरी भिंतीला चिकटून सरपटतोय. कोणी झाडाआडून वाकून येतोय. मग गच्चीवरून धूर दिसतोय. मग सगळे एका पेल्याभोवती बसलेत आणि आचार्य मंत्र म्हणताहेत. मला वाटलं, काय झालं? कोण गेलं? फोन करतोय, तर अम्मा नुसती 'सहा' म्हणते आणि ठेवून देते! बेळ्ळंदूरहून दोन तास वीस मिनिटं लागली मला. दोन तास वीस मिनिटं, अप्पा. आणि सिग्नलला उभा असताना ही शेवटची आली. तुम्ही शिडीवर. बहात्तराव्या वर्षी!"

जयसिंगराव पुन्हा पायरीवर बसले. कॅमेरा बंद पडला असता, तर जावे लागले असते. तो चालू राहिला, म्हणून पुराव्यासकट जावे लागणार होते. त्यांनी स्वतःच्या हाताने, सव्वीस वेढे देऊन, स्वतःविरुद्धचा साक्षीदार वाचवला होता. या शक्यतेची नोंद आराखड्यात नव्हती.

"दाखव," ते खालच्या आवाजात म्हणाले. "काय दिसते त्यात?"

यशोवर्धनने फोन पुढे केला. जयसिंगरावांनी चष्मा सारखा केला. भिंतीला टेकवलेली शिडी दिसत होती. वर पाठमोरा एक म्हातारा होता, खांदे बारीक झालेले, सदऱ्याची मागची बाजू घामाने काळी. हा कोण, असे त्यांना पहिल्या क्षणी वाटले. मग चित्राच्या कडेने सुब्बाराव आले. चपला हातात घेऊन, अनवाणी, आवाज न करता. त्यांनी शिडीचा डावा पाय धरला. उजव्या पायाशी हेमावती बसल्या, दोन्ही हातांनी शिडी छातीशी कवटाळून. त्यांच्या मागे भीमाचार्यांनी सोगा खोचून कमान केल्यासारखे दोन्ही हात वर पसरले होते, वरून पडणाऱ्याला झेलायला. त्यांच्याच्याने मांजरही झेलले गेले नसते. राजलक्ष्मीबाई उशा आणून पायरीवर टाकत होत्या. वरच्या म्हाताऱ्याचा पाय थरथरला, तेव्हा खालचे चौघेही एकदम शिडीला भिडले. मग तो खाली उतरू लागताच सगळे उशांसकट, चपलांसकट, चोरांसारखे पाय न वाजवता चित्राबाहेर पळाले.

यशोवर्धनने ती फीत पुन्हा लावली.

"मी सिग्नलला हे बारा वेळा पाहिलं," तो म्हणाला. "आधी फक्त तुम्हीच दिसलात. मग म्हटलं, खाली हे कोण आहेत? आमच्या मजल्यावर समोरच्या दारातल्या माणसाचं नाव मला माहीत नाही, अम्मा. चार वर्षं झाली." त्याने फोन खिशात घातला. "पलंग आलाय, तो राहू दे. तुम्ही पाहुणे म्हणून या, तेव्हा झोपा त्याच्यावर."

"त्याच्याखाली बूट ठेवतात ना रे?" राजलक्ष्मीबाईंनी विचारले आणि पदराने डोळे पुसले.

जयसिंगरावांना मुलाच्या बोलण्याचा अर्थ पोचायला थोडा वेळ लागला. पोचल्यावर त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले आणि त्या रिकाम्या जागेत लगेच अपमान येऊन बसला. फाटकापलीकडे सुब्बाराव, हेमावती आणि भीमाचार्य काही विशेष काम नसल्यासारखे उभे होते.

"शिडीचा कोन मी अचूक ठेवला होता," जयसिंगराव सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "ती सरकण्याचा प्रश्नच नव्हता. कोणी धरायची गरज नव्हती."

"नव्हतीच, जयसिंगराव," सुब्बाराव फाटकातून म्हणाले. "गरज असती, तर तुम्हाला विचारून धरली असती."